ऊठ म्हणायला कुणी नाही

गिरणगावातला कामगार न्यूयॉर्कच्या कापसावर पैसे लावत होता, हे आजच्या मुलांना सांगितलं तर खरं वाटत नाही. पण मुंबईत 1961पर्यंत हे रोज चालत होतं. न्यूयॉर्क कॉटन एक्स्चेंजमध्ये कापूस कोणत्या भावाने उघडला आणि कोणत्या भावाने बंद झाला, हे आकडे टेलिप्रिंटरवर मुंबईच्या कापूस बाजारात यायचे आणि त्या आकड्यांवर गल्लीबोळांतून आणे-दोन आणे लागायचे. लावणाऱ्याने न्यूयॉर्क नकाशातही पाहिलेलं नसायचं. तिकडून भाव येणं थांबलं तेव्हा धंदा थांबायला हवा होता. तो थांबला नाही. वरळीत किराणा दुकान चालवणाऱ्या कल्याणजी भगतने 1962मध्ये इथल्या इथे आकडा काढायला सुरुवात केली, दोन वर्षांनी रतन खत्रीने स्वतःचा मटका काढला, आणि पत्त्यांच्या कॅटमधून पानं ओढून ओपन-क्लोज जाहीर होऊ लागला. मुंबईचा आकडा मग रेल्वेच्या रुळांवरून कसाऱ्यापर्यंत आणि एसटीने मुरबाडपर्यंत पोचला. आमच्या ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात आकडा लावणं म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

म्हणून शेणव्याच्या नाक्यावर एका मुलाच्या मोबाईलवर ब्राझील, फिनलंड आणि कझाकस्तानचे झेंडे दिसले, तेव्हा मला आश्चर्य वाटलं ते झेंड्यांचं नाही. परक्या देशाशी पैशाचा खेळ इथे जुनाच आहे. नवीन होतं ते एवढंच, की हा खेळ खेळताना त्याच्या आसपास कुणीही नव्हतं.

शहापूरहून किन्हवलीच्या रस्त्याला शेणवा लागतं. डोळखांबकडे, किन्हवलीकडे जाणारी माणसं इथल्या नाक्यावर उतरतात, चहा पितात, जीपची वाट बघतात. पावसाळ्यात भाताचं पीक, त्यानंतर जमेल त्याला भाजीपाला, आणि उरलेलं वर्ष पोरं आसनगाव, पडघा, भिवंडीच्या गोदामांत. मुंबईला पाणी पाजणारी भातसा आणि तानसा ही धरणं याच तालुक्यात, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारे पाडेही याच तालुक्यात. समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा 2025च्या जूनमध्ये सुरू झाला, तोही शहापूर तालुक्यातून जातो. मोबाईलची रेंज मात्र आता बहुतेक ठिकाणी आहे, आणि गोदामातली रात्रपाळी करणाऱ्या मुलाला दिवसा झोप येत नाही.

त्या मुलाचं वय सव्वीस. बारावीनंतर शिक्षण सुटलं. "नाव लिहू नका काका, घरी अजून सगळं सांगितलं नाही," एवढी एकच अट त्याने घातली. तो मला खोट्या चिप्सचा डाव दाखवत होता. त्यात पैसे लावता येत नाहीत आणि मिळतही नाहीत. खऱ्या पैशांचा खेळ त्याने सोडला आहे, असं तो म्हणाला. का सोडला, ते पुढे येईल. आधी तो डाव बघू, कारण या खेळाची ओढ कशात आहे ते डाव बघितल्याशिवाय कळत नाही.

तीन पत्ती खेळलेल्या माणसाला पोकर अर्धं येतंच. ब्लाइंड, चाल, पॅक, शो हे सगळं ओळखीचं. फरक एवढा, की पोकरच्या सर्वाधिक खेळल्या जाणाऱ्या प्रकारात प्रत्येकाला दोनच पानं झाकून मिळतात आणि मध्ये सगळ्यांसाठी मिळून पाच पानं उघडी पडतात: आधी तीन, मग एक, मग शेवटचं एक. या सातांतून ज्याची पाच पानं सरस, त्याचा डाव. या मुलाच्या हातात बदामाचे दहा आणि नऊ होते. मध्ये बदामाचा राजा, बदामाचे चार आणि किलवरची दुर्री पडली. म्हणजे आणखी एक बदाम आला की पाच बदाम पूर्ण. चौथं पान इस्पिकचे पाच. उपयोग नाही. मध्ये तीनशे चिप्स जमल्या होत्या. ब्राझीलच्या झेंड्याने आणखी तीनशे टाकल्या. पडद्यावर घड्याळ उलटं चालू झालं, पंधरा सेकंद.

"बदाम तेरा," तो बोटांवर मोजल्यासारखा म्हणाला. "चार दिसले. राहिले नऊ. न दिसलेली पानं शेहेचाळीस. म्हणजे पाचात एकदा येणार. मला तीनशे टाकून एकूण नऊशेचा डाव मिळणार, म्हणजे तिनात एकदा यायला पाहिजे, तरच परवडतं. नाही परवडत." आणि त्याने पॅक केला. आठ-नऊ सेकंद लागले असतील. ब्राझीलवाल्याने फक्त शंभर टाकले असते तर हिशोब काठावर आला असता, हेही त्याने सांगितलं. अपूर्णांकांमुळे बारावीत त्याचं गणित राहिलं होतं.

या खेळात नशीब आहे, पण नुसतं नशीब नाही. पाच पानांचे जवळपास 26 लाख वेगवेगळे हात संभवतात आणि समोरच्याने किती वेळ घेतला, किती टाकले, आधीच्या डावात काय केलं, यावरून त्यातले बहुतेक खोडत जायचं असतं. त्यात बुद्धी लागते. ती शेणव्यातही आहे आणि साओ पाउलोतही आहे, आणि दोघांना एका टेबलावर बसवणारं यंत्र तयार आहे. भाषा लागत नाही, व्हिसा लागत नाही, इंग्रजी फाडफाड बोलावं लागत नाही. चिप्स पुढे सरकवल्या की बोलणं झालं. गावातल्या हुशार मुलाला असं बरोबरीचं आसन दुसरीकडे कुठे मिळतं? गोदामात त्याला हातातल्या स्कॅनरच्या नंबराने ओळखतात. या ओढीला जे लोक केवळ हावरटपणा म्हणतात, त्यांनी ती नीट पाहिलेली नाही.

जगाला ही ओढ लागली ती एका माणसामुळे. इंटरनेटवर खऱ्या पैशांचा पहिला पोकरचा डाव 1998च्या जानेवारीत प्लॅनेट पोकर या साइटवर झाला. पण 2003पर्यंत हा मोजक्या शौकिनांचाच खेळ होता. त्या वर्षी अमेरिकेच्या टेनेसी राज्यातल्या ख्रिस मनीमेकर नावाच्या सत्तावीस वर्षांच्या हिशोबनिसाने ऑनलाइन छोटी स्पर्धा खेळून लास वेगासच्या जागतिक स्पर्धेत प्रवेश मिळवला आणि 839 जणांत पहिला येऊन 25 लाख डॉलर जिंकले. टीव्हीवर ते जगाने पाहिलं. त्याच्या आधी समोरासमोर बसून मोठी स्पर्धा तो खेळलेलाच नव्हता. तेव्हापासून प्रत्येक देशातल्या प्रत्येक हिशोबनिसाला वाटू लागलं, आपणही.

त्या लाटेत सगळ्यांत मोठी झालेली पार्टीपोकर ही साइट बांधण्यात आपल्या माणसांचा मोठा हात होता, हे इकडे फारसं माहीत नाही. तिचं सॉफ्टवेअर उभं केलं ते आयआयटी दिल्लीत शिकलेल्या अनुराग दीक्षितने. कंपनीचं मुख्यालय जिब्राल्टरमध्ये, कामकाजाचा मोठा पसारा हैदराबादेत, आणि खेळणारे बहुसंख्य अमेरिकेतले. 2005मध्ये ती लंडनच्या शेअर बाजारात आली. पुढच्याच वर्षी अमेरिकेने अशा खेळांचे पैसे बँकांतून फिरवायला बंदी घातली, आणि 2008मध्ये दीक्षितने न्यूयॉर्कच्या न्यायालयात गुन्हा कबूल करून 30 कोटी डॉलर भरायचं मान्य केलं. 15 एप्रिल 2011ला तर अमेरिकी सरकारने तीन मोठ्या साइट्सवर एकाच दिवशी टाच आणली.

म्हणजे टेबल तंत्राने जोडलं आणि कायद्याने कापलं, हे पहिल्यापासून चालू आहे. फ्रान्स, स्पेन, इटली या देशांनी आधी आपापल्या खेळाडूंना आपापल्या कुंपणात ठेवलं. खेळायला पुरेशी माणसंच मिळेनात, तेव्हा 2017मध्ये पोर्तुगालसह चौघांनी करार केला, आणि पुढच्या वर्षी फ्रान्स, स्पेन, पोर्तुगालचे खेळाडू एका टेबलावर आले. इटलीने करार करूनही तेव्हा कुंपण उघडलं नाही. अमेरिकेत नेवाडा, डेलावेअर आणि न्यू जर्सी या राज्यांना आपसांत तह करावा लागला. भारतातही कुंपण होतंच. लॉटरीची तिकिटं, फुटबॉल पूल, स्वीपस्टेक्स यांसाठी परदेशी पैसे पाठवायला परकीय चलनाच्या 2000 सालच्या नियमांतच मनाई आहे. त्यामुळे इथल्या साइटवर रुपयांत खेळणाऱ्या मुलासमोर बहुधा इंदूरचा नाहीतर गुरुग्रामचाच मुलगा असे.

पत्ते स्वतः मात्र असं कुंपण मानत नाहीत. सावंतवाडीच्या राजवाड्यात आजही हाताने रंगवला जाणारा गंजिफा इराणातून आला आणि इथे येऊन दशावतारी झाला: दहा अवतारांचे दहा रंग, 120 गोल पानं. तीन पत्तीचं मूळ इंग्रजांच्या तीन पानी खेळात आहे. मेंढीकोट, बदाम सात, झब्बू, चॅलेंज हे आपले म्हणून वाढलेले खेळही बाहेरून आलेल्या बावन्न पानांवरच उभे आहेत. गणपतीच्या जागरणाला शहापूर-मुरबाडमध्ये ही पानं बाहेर पडतात. भजन संपतं, बायका-मुलं निजतात, आणि पडवीत सतरंजीवर डाव बसतो. त्यात पैसे असतात, हे लपवण्यात अर्थ नाही. पोलिसांच्या दप्तरी 1887च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली दर वर्षी झाडाखालचे, शेतघरातले डाव नोंदले जातातच.

त्या सतरंजीवरच्या डावाची मी तरफदारी करत नाही. जमिनी गेलेल्या आहेत, दागिने गेलेले आहेत. पण तिथे एक गोष्ट होती. सहा जणांनी हजार हजार आणले, तर पहाटे सतरंजीवर सहा हजारच असत. यांच्याकडून त्यांच्याकडे गेलेले, पण गावातच. आणि बसलेल्या प्रत्येकाला माहीत असायचं, की याचा बैल विकायचा राहिलाय, त्याच्या पोरीचं लग्न ठरलंय. तिसऱ्यांदा खिशात हात घालणाऱ्याला कुणीतरी नाना म्हणायचेच, "पुरे आता, ऊठ. सकाळी डेअरीला दूध घालायचंय." ऐकायचा किंवा नाही ऐकायचा, पण म्हणणारा होता. घरी जाऊन सांगणाराही होता.

आता मोबाईलवरचे तेच सहा जण घेऊ. प्रत्येक डावातून साइट आपला वाटा कापते, त्याला रेक म्हणतात. साधारण पाच टक्के, वर एक मर्यादा. समजा, सरासरी डावाला आठ रुपये कापले. सतरंजीवर तासाला पंचवीस-तीस डाव होतात, कारण पानं पिसायला, बोलायला, तंबाखू मळायला वेळ जातो. पडद्यावर सत्तर होतात. सत्तर गुणिले आठ, तासाला 560 रुपये टेबलावरून उठून निघून गेले. सहा जणांत कुणीही कुणापेक्षा हुशार नसला, तरी अकरा तासांत सहा हजार संपतात आणि सगळे हरलेले असतात. त्यात एक माणूस एकाच वेळी चार-चार टेबलांवर बसू शकतो. अमेरिकेतल्या रविवारच्या दुपारी मोठ्या स्पर्धा सुरू होतात, तेव्हा आपल्याकडे रात्र असते. उजाडेपर्यंत बसलेला शेणव्याचा मुलगा आणि न्याहारी करून ताजा बसलेला कॅनडातला मुलगा, हे एका टेबलावर असले तरी बरोबरीत नसतात.

आणि समोर माणूसच आहे, याची तरी काय खात्री? 1999मध्येच काही तंत्रज्ञांनी दाखवून दिलं होतं, की प्लॅनेट पोकरवर पत्ते पिसणारा प्रोग्रॅम सदोष आहे. बावन्न पानांचे जितके क्रम संभवतात, ती संख्या अडुसष्ट आकडी आहे. हा प्रोग्रॅम मात्र मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद झाले एवढ्यावरून पिसायचा, आणि दिवसात मिलिसेकंद फक्त 8 कोटी 64 लाख असतात. साइटच्या घड्याळाचा अंदाज घेऊन आणि पाच पानं पाहून त्यांनी उरलेल्या सगळ्यांची पानं ओळखली. तो दोष दुरुस्त झाला. पण पुढे अ‍ॅब्सोल्यूट पोकर आणि अल्टिमेटबेट या साइट्सवर आतल्याच लोकांनी इतरांची झाकली पानं बघून खेळल्याचं उघड झालं. 2017मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्राटस या संगणक प्रोग्रॅमने पिट्सबर्गमध्ये चार अव्वल व्यावसायिक खेळाडूंना एक लाख वीस हजार डावांत सपशेल हरवलं. दोन वर्षांनी सहा जणांच्या टेबलावरही यंत्राने माणसांवर मात केली. आज झेंडा फिनलंडचा असला तरी मागे माणूस आहे की प्रोग्रॅम, हे ओळखायचं साधन शेणव्याच्या नाक्यावर नाही.

आपल्या राज्याने या प्रश्नाकडे फार काळ अर्धवटच पाहिलं. महाराष्ट्र विधिमंडळाने 1976मध्ये कॅसिनोंना परवानगी देणारा कायदा केला, तो एक दिवसही अमलात आणला नाही, आणि 2023मध्ये रद्द केला. शेजारच्या गोव्यात मात्र मांडवीत जहाजं उभी राहिली आणि तिथे पोकरच्या स्पर्धा भरू लागल्या. गुजरात उच्च न्यायालयाने 2017मध्ये पोकर हा जुगार ठरवला. इतरत्र तो कौशल्याचा खेळ म्हणून जाहिरातींत झळकत राहिला. 2023च्या ऑगस्टमध्ये सचिन तेंडुलकरच्या वांद्र्याच्या घरासमोर तेव्हा आमदार असलेल्या बच्चू कडूंनी अशाच जाहिरातीविरुद्ध आंदोलन केलं. 2025च्या जुलैत तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे सभागृहात मोबाईलवर रमी खेळत असल्याचा आरोप चित्रफितीवरून झाला. त्यांनी तो नाकारला, आणि महिनाअखेर त्यांचं खातं बदललं. माझ्या मते या सगळ्या गदारोळात खेळणाऱ्याच्या घरात काय चाललंय, ते मागेच पडलं.

ऑगस्ट 2025मध्ये संसदेने कायदा केला. लोकसभेत 20 तारखेला, राज्यसभेत 21ला, राष्ट्रपतींची सही 22ला. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा जुना वादच त्याने बाजूला ठेवला: पैसे लावून जिंकायचे असतील तर ऑनलाइन खेळ बंद. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाख. देशी साइट्सनी पैशांचे डाव लगोलग बंद केले. एक गोष्ट गावोगाव सांगायला हवी, ती सांगितली जात नाही: या कायद्यात शिक्षा चालवणाऱ्याला आहे, नुसत्या खेळणाऱ्याला नाही. म्हणून घरात बोलायला भिण्याचं कारण नाही.

त्या मुलाचं खरं नुकसान या बंदीनंतर झालं. देशी साइटवर त्याने दीड-दोन वर्षांत बरंच घालवलं होतं, पण तिथे निदान पॅन कार्ड लागायचं, टीडीएस कापल्याचा कागद मिळायचा, भरण्यावर मर्यादा घालता यायची. बंद झालं तेव्हा उरलेले पैसे परत खात्यात आले. आठवडाभर बरं वाटलं, म्हणाला. मग गोदामातल्या कुणीतरी बाहेरच्या देशातल्या अ‍ॅपची लिंक दिली. तिथे जगभरचे लोक खेळत होते. पैसे भरायला अ‍ॅपमध्ये सोय नव्हती. एका एजंटच्या यूपीआयवर पाठवायचे, तो चिप्स देणार. जिंकले तर तो पाठवणार, दर वेळी वेगळ्याच नावाच्या खात्यातून.

"एकदा सोळा हजार आले," तो म्हणाला. "तिसऱ्या दिवशी माझं खातं गोठलं. पगार त्यातच. बँकेत गेलो तर म्हणे, पैसे आले ते खातं कुठल्यातरी फसवणुकीच्या तक्रारीत आहे. मी कुणाला फसवलं? मी पत्ते खेळलो."

छोटा हत्ती घ्यायला जमवलेले पैसे तोवर गेलेच होते. सेकंड हँड टेम्पो, किन्हवलीहून भाजी कल्याणच्या बाजारात न्यायची, असा त्याचा बेत होता. हिशोब वहीत मांडलेला होता, तो त्याने मला दाखवला. डिझेल, टोल, हमाली, सगळं नीट. नऊ बदाम आणि शेहेचाळीस पानं मोजणारं तेच डोकं. मी विचारलं, "तू एवढा हिशोबी, मग उठला का नाहीस?" त्याने थोडा विचार केला. "काका, हरल्यावर हिशोब बंद होतो. राग येतो. एकाचा राग दुसऱ्या टेबलावर काढायचा. आई चहा घेऊन यायची, तिला वाटायचं पोरगं ऑफिसचं काम करतंय. मी स्क्रीन फिरवायचो."

खेळाडू या अवस्थेला टिल्ट म्हणतात, आणि जगातल्या उत्तम व्यावसायिकांनाही ती येते. फरक असा, की त्यांच्याकडे खेळासाठी वेगळी ठेवलेली रक्कम असते, डावांवर चर्चा करणारे मित्र असतात, आज बंद कर म्हणणारा कुणी असतो. तेही आपापल्या परीने सतरंजीवरच बसलेले असतात. या मुलाचं टेबल जगभर पसरलं होतं आणि त्यावर त्याला ओळखणारा एकही माणूस नव्हता. तिथल्या कुणा ब्राझीलवाल्याला काय ठाऊक, की समोरचे पैसे हे टेम्पोचे आहेत? त्यालाही कदाचित त्याच्या गावातलं कुणी विचारत नसेल.

बंदी हवी होती, असं मला वाटतं. पण बंदीने साइट बंद होते, रात्र बंद होत नाही. ग्रामसभेत दारूबंदीवर बोलायची आपल्याला सवय आहे. बायका उभ्या राहतात, नावं घेतात, दुकानदाराला घाम फुटतो. मोबाईलच्या खेळावर ग्रामसभेत कुणी बोलल्याचं मी अजून ऐकलं नाही, कारण गुत्ता दिसतो आणि हा दिसत नाही. गोदामांत पाळी बदलताना कंत्राटदार सुरक्षेच्या सूचना देतात, तिथे दोन वाक्यं याचीही सांगता येतील. आश्रमशाळांच्या, कॉलेजांच्या पालकसभांत सांगता येतील. पगार झाल्यावर चार दिवसांत पोरगा उसने मागतोय, रात्रपाळी नसतानाही जागा राहतोय, मोबाईल उलटा ठेवतोय, हे आईला सगळ्यांत आधी दिसतं. तिला फक्त ते कशाचं लक्षण आहे हे माहीत हवं.

गोठलेल्या खात्यासाठी काय करायचं, हे तो मला दोनदा विचारत होता. बँकेकडून तक्रारीचा क्रमांक आणि कोणत्या पोलीस ठाण्याची ती आहे हे लेखी घ्यायचं, पगाराच्या पावत्या जोडून त्या ठाण्याला अर्ज करायचा, आणि एजंटने आपल्यालाच बुडवलं असेल तर सायबर फसवणुकीचा क्रमांक 1930. दुसरा क्रमांक त्याने मागितला नव्हता, मीच दिला: 14416, टेली-मानस. केंद्र सरकारची ही मानसिक आरोग्याची सेवा 2022पासून चालू आहे, फोन फुकट, रात्री-अपरात्रीही लागतो. सवय सुटत नाही, झोप लागत नाही, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं, कशासाठीही लावावा.

"तिथे मराठी बोलतात?" त्याने विचारलं.

बोलतात. त्याने नंबर मोबाईलमध्ये घातला. बाकावर किन्हवलीच्या जीपची वाट बघत बसलेल्या दोन पोरांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि त्यातला एक म्हणाला, "काका, परत सांगा ना, चौदा चार...?"